खाली जागा

आमच्या शाळेतल्या मराठीच्या सरांना लग्नपत्रिका दिली की ते आधी मुहूर्त बघत नसत, नवरानवरीची नावंही बघत नसत. पत्रिका उलटी करून मागे छापलेला नकाशा बघत. नकाशा नसला की त्यांचा चेहरा उतरायचा. "बाई, वाहनतळ आहे का?" हा पहिला प्रश्न. अभिनंदन त्यानंतर, आणि तेही उत्तर बरं मिळालं तर. माझ्या नणंदेच्या लग्नाची पत्रिका दिली तेव्हा मी थट्टेनं म्हटलं, "सर, जेवण चांगलं आहे हं." ते गंभीरपणे म्हणाले, "जेवण हॉलच्या आत असतं हो. मी बाहेरचं विचारतोय."

आम्ही दोघं सुरतेत, पांडेसऱ्याजवळच्या एका मराठी शाळेत शिकवायचो. मुलं सगळी धुळे-नंदुरबार-जळगावकडून आलेल्या घरांतली. आईबाप मिलमध्ये नाहीतर लूम्सवर. ती घरी अहिराणी बोलत, गल्लीत गुजराती-हिंदी, आणि वर्गात या तिन्हींचं मिळून जे काही होईल ते. मीही सुरतेतच जन्मलेली, त्यामुळे माझं मराठी म्हणजे उंधियू. त्यात कंद कुठला आणि वांगं कुठलं, ते माझं मलाही सांगता यायचं नाही. सरांना हे सहन होत नसे. एकदा उशिरा आलेल्या मुलीला मी म्हटलं, "तो बाक खाली आहे, तिथं बस." दारावरून जाणारे सर थांबले. "बाई, बाक खालीच असतो, छताला लटकत नाही. रिकामा म्हणा."

आता गुजरातीत आणि हिंदीत खाली म्हणजे रिकामं. त्यामुळे सुरतेतले आम्ही मराठी लोकही सीट खाली, डबा खाली, घर खाली असंच बोलतो, आणि कुणाचं काही अडत नाही. पण सरांनी मला इतक्या वेळा टोकलं, की चार-पाच वर्षांत मी सुधारले. निदान त्यांच्यासमोर तरी. ते दिसले की माझ्या तोंडून आपोआप 'रिकामं' निघायचं आणि त्यांच्या मिशीखाली समाधान पसरायचं. त्या एका शब्दापुरती मी त्यांची आवडती विद्यार्थिनी होते.

त्यांच्याकडे राखाडी रंगाची एक छोटी जुनी मोटार होती. बाकीच्यांना गाडी प्रवासात लागते, सरांना ती थांबल्यावर लागायची. चालवायचे अगदी छान. सहारा दरवाज्याच्या गर्दीतूनही न चिडता गाडी काढायचे. पण पोचायची जागा जवळ आली की कपाळावर घाम, मान डावी-उजवी, आणि एकच पुटपुट, "इथं नको… इथंही नको…" ते म्हणत, "चालवायला कुणीही शिकवतं, बाई. कुठं थांबायचं ते कुणी शिकवत नाही."

भीती कसली, असं मी एकदा सरळ विचारलं. गाडी उचलून नेणाऱ्या क्रेनची? होती. ओरखड्याची? थोडी. पण खरी भीती वेगळीच निघाली. "आपल्या गाडीमुळे एखादा अडकला तर? त्याच्या घरी कुणी आजारी असेल, त्याची गाडी सुटणार असेल, आणि आपण आत बसून बासुंदी खातोय." हे बोलताना त्यांचा आवाज बदलला होता. मला हसू आलं होतं, ते मी गिळलं.

म्हणून ते काचेवर वायपरखाली एक चिठ्ठी ठेवत. मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत, गुजराती मजकूर शाळेतल्या गुजरातीच्या बेनकडून तपासून घेतलेला. 'क्षमस्व. माझी गाडी आड येत असल्यास फोन करावा. पाच मिनिटांत येतो. कृपया शिव्या देऊ नयेत, मी शिक्षक आहे.' पावसाळ्यात ही चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत असायची. फोन मात्र कधीच यायचा नाही, कारण सर कुणाच्या वाटेत गाडी लावतच नसत. फोन आला नाही म्हणूनही ते बेचैन व्हायचे. कार्यक्रमात दाराजवळची कडेची खुर्ची धरायची आणि दर पंधरा मिनिटांनी बाहेर चक्कर मारून यायची. आमच्या शाळेचा शिक्षकांचा जो एकत्र फोटो आहे, त्यात आम्ही सगळे कॅमेऱ्याकडे बघतोय आणि सर फाटकाकडे.

आणि ती वही! दोनशे पानी, शाळेचीच. त्यात सुरतेचा एकेक भाग, पेन्सिलीनं काढलेले रस्ते, झाडं, गटारं. अडाजणच्या पानावर लिहिलेलं, 'कडुनिंबाखाली. सकाळी सावली. कावळे.' वराछाच्या पानावर नकाशाच नव्हता, फक्त दोन शब्द होते, 'रिक्षानं जाणे.' नव्या ठिकाणी जायचं तर आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन पाहणी करायची, पावलं मोजायची, आणि मग वहीत अ, ब, क अशा तीन जागा लिहायच्या. मुलं त्यांना मागून 'तळवाले सर' म्हणत. सरांना ते कळलं तेव्हा त्यांना नावाचं वाईट वाटलं नाही. मुलांनी 'पार्किंग' न म्हणता 'तळ' हा मराठी शब्द घेतला, एवढंच ते म्हणाले.

हेडमास्तरांच्या निरोपसमारंभातली गोष्ट तर अजून आमच्यात सांगितली जाते. सर मंचावर बोलत होते, छान रंगात आले होते. मधेच कुणीतरी येऊन माईकवर सांगितलं की बाहेर एक राखाडी गाडी रस्त्यात उभी आहे. सर वाक्य अर्धं टाकून पळाले. दहा मिनिटांनी परत आले, घामाघूम. "माझी नव्हती."

"सर, तुम्ही तर रिक्षानं आलात," मी म्हटलं.

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. "हो की," म्हणाले आणि बसले. पाच मिनिटांनी माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "पण तो रिक्षावाला मला सोडताना जरा मधेच थांबला होता."

एका हिवाळ्यात त्यांनी आम्हा चौघींना तापीकाठी पोंक खायला नेलं. पोंक म्हणजे आपला हुरडा. थंडीत तिथं ओळीनं मांडव लागतात आणि बाहेर गाड्यांची ही गर्दी. सरांनी पाच फेऱ्या मारल्या. पाचव्या फेरीला मी खिडकीतून हात बाहेर काढून चालत्या गाडीतून पोंकाच्या आणि शेवेच्या पुड्या घेतल्या. पोंक आम्ही शाळेच्या पटांगणात बसून खाल्ला. सर खूश होते. म्हणाले, "बघा, किती मोकळं आहे इथं."

मग गाडी घेतलीच कशाला, असं कुणीही विचारील. ती आईंसाठी घेतली होती. सरांच्या आई ऐंशीच्या पुढच्या, उजवा गुडघा वाकतच नाही. रिक्षात पाय आत घेता येत नाही, मोटरसायकलचा तर प्रश्नच नाही. या गाडीची पुढची सीट पार मागे सरकते आणि पाय सरळ राहतो. तेवढ्या एका गोष्टीवर त्यांनी ही गाडी निवडली होती. दवाखाना, मंदिर, नातेवाइकांकडे बारसं, सगळीकडे ते आईंना घेऊन जात आणि जाताना मनातल्या मनात मरत. आईंना उतरायला पाच-सात मिनिटं लागायची. तेवढा वेळ गाडी नीट उभी राहील अशी जागा हवी. रस्त्यातच थांबून उतरवणं त्यांना जमायचं नाही. आधी पाय फिरवायचा, मग काठी, मग सरांचा खांदा, आणि मागून हॉर्न वाजायला लागले की आईंचे हात थरथरायचे.

एका वर्षी मी सातवीच्या मुलांना घेऊन शहरातल्या म्युझियममध्ये गेले. चौकाजवळचं, नदीच्या बाजूचं. तिथं जुन्या सुरतेच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं होतं. एका फोटोत लूम्सच्या एका कारखान्यासमोर दहा-बारा कामगार उभे होते, बनियन घातलेले, डोळे उन्हानं बारीक झालेले. फोटोखाली गुजरातीत नावांची ओळ होती. मी मुलांना ती वाचायला लावली आणि डावीकडून चौथ्या नावाशी थबकले. आडनाव सरांचं, वडिलांचं नाव म्हणून सर कागदोपत्री जे लिहितात ते, आणि पुढं कंसात शिरपूरकडचं त्यांचं गाव.

सरांचे वडील ते तीन वर्षांचे असताना तापानं गेले होते. घरात त्यांचा एकच फोटो होता, तो पुराच्या वर्षी पाण्यात गेला. हे मला ठाऊक होतं, कारण त्या पुरात आमच्याही घरातलं सगळं गेलं होतं, आणि शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा कोणाचं काय गेलं हेच सगळे बोलत होते. सर तेव्हा एवढंच म्हणाले होते, "आमचा एक फोटो गेला."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मधल्या सुट्टीत मी त्यांना सांगितलं. त्यांनी उघडलेला डबा पुन्हा बंद केला. मग म्हणाले, "चेहरा नीट दिसतो?"

"दिसतो. पण मोबाइलवर काढू देत नाहीत, मनाई आहे. रविवारी पाच वाजता प्रदर्शन संपतंय."

संध्याकाळी त्यांनी घरी आईंना सांगितलं असावं. शुक्रवारी शाळेत आले ते डोळे सुजलेले. म्हणाले, "बाई, आई काय म्हणाली माहीत आहे? तेना चेहरा मन्हा ध्यानमा नही ऱ्हायना आते. म्हणजे तिलाही आठवत नाही. इतकी वर्षं तिनं हे मला सांगितलं नव्हतं." सरांच्या तोंडून अहिराणी मी पहिल्यांदाच ऐकत होते.

अडचण अशी, की आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आठवड्यापूर्वीच झालेलं. डॉक्टरांनी शनिवारपर्यंत बाहेर काढू नका म्हणून बजावलेलं. म्हणजे हाताशी एकच दिवस, रविवार, आणि त्यातही पाचच्या आत. शिवाय सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, सुनेच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेल्या. "तुम्ही याल का, बाई?" ते म्हणाले. सरांनी मला आजवर कधी काही मागितलं नव्हतं.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तिन्ही दिवस ते शाळा सुटल्यावर म्युझियमला जाऊन पाहणी करून आले. आत मात्र एकदाही गेले नाहीत, फोटो आईंच्या आधी बघायचा नाही म्हणाले. शनिवारी मीही बरोबर होते. पुढच्या दाराला पायऱ्या, तिथं आईंचं काम नाही. मागच्या गल्लीत छोटं फाटक, त्याला चाकाच्या खुर्चीसाठी उतार केलेला, खुर्चीही तिथंच ठेवलेली. फाटकाला लागून चार-पाच गाड्यांची जागा. ती 'अ'. 'ब' आणि 'क' पलीकडच्या रस्त्याला. सरांनी आईंच्या चालीनं पावलं मोजली, एक पाय ओढत. येणारेजाणारे बघत होते. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. तीन दिवस त्यांना बघून त्यांची धाकधूक मलाही लागली होती. त्या रात्री मला झोपेत एकसारखी तीच गल्ली दिसत होती.

इतकं सगळं केलं आणि आम्ही दोघंही एक गोष्ट विसरलो. रविवारी तिथं बाजार भरतो. सर रविवारी गाडी बाहेर काढतच नसत, म्हणून त्यांच्या दोनशे पानी वहीत रविवार हा वारच नव्हता. आणि मी जन्माची सुरतची, त्या बाजारात लहानपणापासून हिंडलेली, माझ्या डोक्यात म्युझियम आणि बाजार हे एकदाही शेजारी आले नाहीत.

रविवारी साडेतीनला मी स्कूटरवरून पुढं गेले आणि बघते तर 'अ'वर चपलांचा ढीग, 'ब'वर भांडी, 'क'वर ताडपत्री टाकून जुने पंखे मांडलेले. गाड्या, लाऱ्या म्हणजे आपल्या हातगाड्या, आणि माणसं एकमेकांत अडकलेली. सरांना फोन केला. ते पुलावर पोचले होते. "तिन्ही गेल्या?" एवढंच म्हणाले. मागून आईंचा आवाज आला, "काय व्हयनं रे?" "काही नाही आई," सर म्हणाले, "जरा फेरी मारून येऊ."

चार वाजले. सरांची तिसरी फेरी चालू होती. दर फेरीला ते लांबून मला दिसायचे, स्टिअरिंगला चिकटलेले, आणि शेजारी काळा चष्मा लावून सरळ बसलेल्या आई. नवं नऊवारी लुगडं नेसल्या होत्या. मी मान हलवून 'नाही' सांगायची आणि गाडी गर्दीबरोबर पुढं वाहत जायची. सव्वाचार झाले. मी म्युझियमच्या मागच्या फाटकावरच्या रखवालदाराला हात जोडले. "भाई, एक गाडी पूरती जग्या करी आपो ने. बा चाली नथी शकता."

तो इकडेतिकडे बघत होता तेवढ्यात फाटकाच्या आतल्या बाजूची एक गाडी निघाली. "जाओ बेन, पाछळ एक जग्या खाली छे, जल्दी करो."

मी धावले. स्कूटर त्या जागेत आडवी घातली, स्वतः हात पसरून उभी राहिले आणि फोन लावला. "सर, मिळाली! म्युझियमच्या मागं, खाली जागा आहे. लवकर या."

"खाली?" सरांनी विचारलं.

"हो हो, खाली! मी उभी आहे, तुम्ही या फक्त." आणि फोन ठेवला.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. एक गृहस्थ बायकामुलांसह गाडी घेऊन आला आणि हॉर्न वाजवायला लागला. "बेन, जग्या रोकीने ऊभा ना रहेवाय." मी म्हटलं, आजारी म्हातारं माणूस येतंय. तो म्हणाला, क्यां छे? मला काय सांगता येणार! गाडी दिसत नव्हती. फोन लावला तर लागत नव्हता. पुन्हा लावला, पुन्हा नाही. साडेचार झाले. मला वाटलं, अपघात झाला. मग वाटलं, आईंना काहीतरी झालं. त्या गृहस्थानं रागानं गाडी मागं घेतली, त्याची बायको काच खाली करून मला काहीतरी बोलली, ते मला ऐकूही आलं नाही.

चार पस्तीसला फोन वाजला. आवाज तुटत होता. "बाई, आम्ही खाली आलोय, तुम्ही दिसत नाही."

"कुठं खाली?"

"तळघरात. म्युझियमच्या मागं ती बाजाराची इमारत आहे ना, तिच्या. तुम्ही म्हणालात खाली जागा आहे. दोन मजले उतरलो. इथं फोन लागत नव्हता, आता उतारापाशी येऊन…"

"सर, खाली म्हणजे रिकामी! रिकामी जागा हो!"

पलीकडे हॉर्न वाजत होते. मग ते अगदी हळू म्हणाले, "पण तुम्ही तर माझ्याशी रिकामी म्हणता."

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ज्या शब्दावरून त्यांनी मला वर्षानुवर्षं टोकलं, तो मी नेमका त्या दिवशी चुकले होते, आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून तो शुद्ध मराठीत ऐकला होता. मला रडू फुटलं. "सर, वर या, पाच मिनिटांत पोचाल."

"कसा येऊ? उतारावर बाजारवाल्यांच्या लाऱ्या लागल्यात, माल चढवतायत. माझ्या मागं दोन गाड्या आहेत." आणि फोन कट झाला.

मी स्कूटर तिथंच टाकली आणि पळाले. गल्ली ओलांडून त्या इमारतीच्या तोंडाशी पोचले तेव्हा घड्याळात पावणेपाच झाले होते. उतार अंधारा, खालून आरडाओरडा. मी उतरणार तेवढ्यात खालच्या अंधारातून एक लारी वर येताना दिसली. कटपीसच्या कपड्यांची गाठोडी लादलेली, आणि त्यावर, पाय सरळ पुढं पसरून, काठी मांडीवर धरून आई बसलेल्या. मागून सर लारी ढकलत होते, शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांच्या शेजारी लारीचा मालक, दाढी वाढलेला खानदेशी माणूस, तोही जोर लावत होता. "हळू रे पोऱ्या, माले पाडशी!" आई ओरडत होत्या. मालक म्हणत होता, "माय, धरी बठ, काही नही व्हस."

नंतर कळलं की गाडीत आई अहिराणीतून सरांवर ओरडल्या, ते या माणसानं ऐकलं आणि विचारलं, कोणतं गाव. आईंनी गाव सांगितलं, फोटोचं सांगितलं. त्यानं अर्धा माल खाली उतरवला आणि म्हणाला, बसवा मायला. गाडी सरांनी जिथं होती तिथंच सोडली होती, तळघराच्या वाटेत मधोमध, मागच्या दोन गाड्या अडवून. चिठ्ठीही ठेवली नव्हती.

बाजाराच्या गर्दीतून लारीला वाट करायला मी पुढं ओरडत निघाले. "बाजू! बाजू!" लोक बाजूला होत होते, म्हातारीला बघून कुणी हसलंही. फाटकाशी रखवालदारानं घड्याळ दाखवलं, "बेन, पाच वागे बंध." मग लारीवर नजर गेली आणि तो आतून खुर्ची घेऊन आला. आम्ही चौघांनी आईंना उतरवलं. लारीवाला आत आला नाही. "मन्हा माल रस्तामा शे," म्हणून माघारी पळाला. आम्हाला त्याचे नीट आभारही मानता आले नाहीत.

दालनात माणसं नव्हतीच. मी पुढं होऊन फोटो दाखवला. सरांनी खुर्ची त्याच्यासमोर उभी केली. आईंनी काळा चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा बघितलं. मी नावांच्या ओळीवर बोट ठेवून डावीकडून चौथा असं सांगणार होते, तेवढ्यात आईंचं बोट वर गेलं. थेट त्याच माणसावर गेलं. ओळ त्यांना वाचता येतच नव्हती.

"हाऊ," त्या म्हणाल्या.

सर आईंकडे बघत होते, फोटोकडे नाही. माझ्या मनात अजून ते तळघर होतं, मागच्या दोन गाड्या, हॉर्न, क्रेन. मी हळूच म्हटलं, "सर, मी जाऊन गाडीचं बघू का?" त्यांनी ऐकलंच नाही. मी पुन्हा म्हटलं नाही.

"कितला न्हाना दिखस रे," आई म्हणाल्या. "तुना पोऱ्यानामायक."

खरंच, फोटोतला माणूस पंचविशीचाही नसेल, सरांच्या मुलासारखा. केस मागं वळवलेले, बनियनच्या खांद्याला भोक, आणि उन्हात डोळे बारीक करून तो सरळ आमच्याकडे बघत होता. त्याच्यासमोर ऐंशी ओलांडलेली त्याची बायको आणि केस पिकलेला त्याचा मुलगा. सरांनी आता पहिल्यांदा वर बघितलं आणि नंतर त्यांना नजर काढता येईना.

रखवालदार दारात येऊन उभा राहिला. पाच वाजून गेले होते. मी त्याच्याकडे विनवणीनं बघितलं. तो म्हणाला, "बा, शांतिथी जुओ," म्हणजे निवांत बघा, आणि पाठ फिरवून बाहेर गेला.

आई अजून फोटोकडेच बघत होत्या. मग त्यांचा हात स्वतःच्या गालाकडे गेला, तिथल्या सुरकुत्यांवरून फिरला, आणि त्या एकदम घाबरल्या. दिवसभर गाडीत, लारीवर, बाजाराच्या गर्दीत त्या इतक्या घाबरल्या नव्हत्या.

"पण तो माले आते कसा वळखी?" त्या सरांना विचारत होत्या. "मी ते म्हातारी व्हई गऊ."

सर खाली वाकले. आईंच्या कपाळावर ओढलेला पदर त्यांनी दोन्ही हातांनी अलगद मागं घेतला, चेहरा पुरता उघडा केला, आणि खुर्ची फोटोच्या आणखी हातभर जवळ नेली.